१९१२ सालची कल्पित लाइट क्रूझर: तोफांच्या आधी कोळशाचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीसाठी हिंदी महासागरात एक कल्पित बेटराष्ट्र घेतलंय, ते १९१२ साली इंग्लंडच्या जहाज बांधण्याच्या यार्डात एक लाइट क्रूझर, म्हणजे हलकी वेगवान युद्धनौका, बांधून घेतंय. आकडे ठरवलेत ते असे, सोबत चित्रही काढलंय: ४,२०० टन, सहा इंची (नळीचा व्यास) ८ तोफा, ३० नॉट म्हणजे ताशी ३० सागरी मैल स्पीड, कडेला ४ इंचांचा बेल्ट म्हणजे चिलखती पट्टा, एकदा कोळसा भरला की १०,००० सागरी मैल, आणि मागे झुकलेली दोन धुराडी. हे जुळतंय का, नसेल तर काय बदलू, असं विचारलंय.

जुळत नाही हो. थोडंफार नाही, बरंच नाही जुळत. माझी नोकरी सगळी जहाजांच्या डिझाइन ऑफिसात गेली आणि त्यातला मोठा भाग वजनांचे तक्ते भरण्यात, त्यामुळे असे आकडे दिसले की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. हौशी माणूस जहाज वरून खाली काढत येतो, म्हणजे आधी तोफा, मग चिलखत, मग स्पीड, आणि राहिलेल्या जागेत इंजिन नि कोळसा कोंबायचा. यार्डातला माणूस पहिल्यांदा विचारतो की ही बोट करणार काय आणि परत कुठे येणार, कारण तिथून कोळसा ठरतो, कोळशावरून हलचा, म्हणजे जहाजाच्या धडाचा, आकार, आणि मग जे वजन उरेल त्यात तोफा. सगळी सोंगं आणता येतात, वजनाचं आणता येत नाही. जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढंच त्याचं वजन, एक टन इकडे वाढवला की एक टन दुसरीकडून काढा, नाहीतर जहाज तेवढं खाली बसणार.

तर तुमच्या देशाचं बघू. बेटं आहेत, बजेट लहान आहे, आणि आजूबाजूची बंदरं सगळी परक्यांची, एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर. मोठ्या बॅटलशिपच्या पुढे टेहळणी करत धावायचं काम हिला नाही, कारण मागे बॅटलशिपच नाहीत. शांततेत आपल्या व्यापाराची राखण आणि झेंडा मिरवणं, युद्धात समुद्रात गायब होऊन शत्रूची मालवाहू जहाजं पकडणं, एवढीच दोन कामं. दुसऱ्या कामासाठी खरे नमुने आहेत. तुर्कांची हमीदिये, आर्मस्ट्राँगने बांधलेली, ३,८०० टनांची, जानेवारी १९१३ मध्ये ग्रीकांचा वेढा चुकवून डार्डानेल्समधून निसटली आणि सायरोस बेटावर गोळे टाकून गेली. आणि जर्मनांची एम्डेन तर आपल्याकडे सगळ्यांनाच ऐकून माहीत, २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासला बर्मा ऑइलच्या टाक्या पेटवल्या, नंतर मिनिकॉयच्या आसपास एकामागून एक जहाजं धरली.

पण एम्डेनच्या गोष्टीत तोफांपेक्षा जास्त काय आहे तर कोळसा. बोट ३,६६४ टनांची, ठासून भरली तर ८६० टनांच्या आसपास कोळसा मावायचा आणि १२ नॉटनी ३,७६० सागरी मैल जायची. म्हणजे टनाला साधारण सव्वाचार मैल. ब्रिटिशांच्या ब्रिस्टल क्लासचा (क्लास म्हणजे एकाच नमुन्याच्या बोटींचा गट) हिशोब करा, १,३५३ टन कोळसा अधिक २६० टन तेल, १० नॉटनी ५,८३० मैल, म्हणजे टनाला साडेतीन-पावणेचार. त्या काळच्या लाइट क्रूझरला टनाला चार मैल धरा, फार चुकत नाही. आता तुमचे १०,००० मैल घ्या. २,५०० टन कोळसा! ४,२०० टनांच्या बोटीत!! हे होणार नाही. १,००० टन कोळसा आणि ४,००० मैल ही मर्यादा मान्य करा. मुंबई ते एडन १,६५० मैलांच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन परत येता येईल आणि थोडा शिल्लक राहील, पण तोही हळू चालवली तर. पळापळ झाली की हा हिशोब बोंबलला.

आणि इथेच तुमच्या कादंबरीला फुकट मसाला मिळतो बरं का. १९०७ च्या हेग करारानुसार लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेला तटस्थ बंदरात कोळसा मिळायचा तो फक्त स्वतःच्या जवळच्या बंदरापर्यंत पोचण्यापुरता, आणि त्याच सत्तेच्या बंदरात पुन्हा तीन महिने मिळायचा नाही. म्हणजे तुमच्या कॅप्टनला सोबत कोळशाचं जहाज लागणार किंवा पकडावं लागणार, जसं एम्डेनने पोंटोपोरोस आणि नंतर ब्युरेस्क धरलं. पोंटोपोरोसवर हिंदुस्थानी कोळसा होता, ब्युरेस्कवर चांगला वेल्श. फरक मोठा असतो, बंगालच्या कोळशात राख जास्त, उष्णता कमी, आणि काळा धूर असा की क्षितिजापलीकडून दिसावा. वेल्श कोळसा संपला आणि झरियाच्या खाणीतला जाळावा लागला म्हणून बोट दोन नॉट हळू पडली आणि धुरामुळे सापडली, हा प्रसंग यार्डातला माणूसही मान डोलावून वाचेल.

आता ३० नॉट. इथे लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते कारण २६ आणि ३० मध्ये चारचाच फरक दिसतो. हिशोब असा करतात की विस्थापनाचा, म्हणजे बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा, दोन-तृतीयांश घात गुणिले स्पीडचा घन, त्याला हॉर्सपॉवरने भागलं की एक गुणांक येतो, त्याला अ‍ॅडमिरल्टी गुणांक म्हणतात. खऱ्या बोटींचा काढून बघा. एम्डेन २३.५ नॉट, १३,५०० हॉर्सपॉवर, गुणांक २२८. ब्रिस्टल ४,८०० टन, २५ नॉट, २२,००० हॉर्सपॉवर, गुणांक २०२. ब्रिटिशांचीच अरेथुसा ३,५०० टन, २८.५ नॉट, ४०,००० हॉर्सपॉवर, गुणांक १३३. म्हणजे लांबीच्या मानाने स्पीड वाढत गेला की बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते आणि प्रत्येक पुढचा नॉट आधीच्यापेक्षा महाग पडतो. तुमची बोट १२८ मीटर लांब धरली तर २६ नॉटला गुणांक १८५ धरतो मी, लागतात साधारण २५,००० हॉर्सपॉवर. २७ ला ३१,०००. ३० ला गुणांक १२५ च्या आसपास येतो आणि लागतात ५६,०००. चार नॉटसाठी दुपटीच्या वर!

त्यात १९१२ ची कोळशावरची मशिनरी, बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, शाफ्ट, पाणी सगळं धरून हॉर्सपॉवरमागे ४० किलो तरी मोजा. २५,००० ला १,००० टन झाले. ५६,००० ला २,२४०, म्हणजे अर्ध्याहून जास्त जहाज नुसतं इंजिनच. अरेथुसाने हे जमवलं ते पूर्ण तेलावर जाऊन, तेलाच्या बॉयलरला जागा कमी, माणसं कमी, वजन कमी. पण ब्रिटिशांकडे तेलाच्या टाक्या बांधायला पैसा होता आणि १९१४ मध्ये त्यांनी अँग्लो-पर्शियन कंपनीचे शेअरच घेऊन टाकले. तुमच्या बेटाला तेल रंगूनहून नाहीतर बोर्निओहून आणावं लागणार, युद्धात ते बंद, म्हणून कोळसाच बरा, सोबत थोडं तेल कोळशावर फवारायला ठेवा, तेव्हा बऱ्याच आरमारांत तसंच करायचे.

तुमच्या यादीप्रमाणे बोट केली तर वजन किती भरेल ते सांगतो. हल १,७५०, मशिनरी २,२४०, बेल्ट ३६०, डेकचं कवच नि इतर १६०, तोफा-दारूगोळा-टॉर्पेडो २६०, माणसं-सामान-पाणी ३००, कोळसा २,५००. बेरीज साडेसात हजारांच्या वर. कोळसा नॉर्मल लोडला, म्हणजे नेहमीच्या भरतीचं वजन काढताना, अर्धाच मोजतात म्हणाल तरी ६,३००. आणि ही बेरीज पण खोटीच आहे कारण ६,३०० टनांच्या बोटीला हल मोठा लागेल, मोठ्या हलला ३० नॉटसाठी अजून हॉर्सपॉवर, मग अजून बॉयलर, मग अजून हल... हे चक्र जिथे थांबतं ती बोट तुमच्या देशाला परवडणार नाही.

मी काय करीन ते सांगतो. लांबी १२८ मीटर, रुंदी १३.६, पाण्याखालची खोली ४.७, आणि ब्लॉक कोएफिशंट ०.५०, म्हणजे लांबी-रुंदी-खोलीच्या चौकोनी ठोकळ्यातला अर्धाच भाग प्रत्यक्ष हल व्यापतो. गुणाकार करा, ४,०९० घनमीटर, खाऱ्या पाण्याचे १.०२५ ने गुणलं की ४,२०० टन जवळजवळ बरोबर येतात. त्यात हल १,७५०, मशिनरी १,०००, कवच ३४०, शस्त्रं २१०, माणसं नि सामान ३००, कोळसा नॉर्मलला ४५०. झाले ४,०५०. राहिलेले १५० टन कशालाही द्यायचे नाहीत, ते मार्जिन. बांधकाम सुरू झालं की वजन लग्नातल्या आमंत्रणाच्या यादीसारखं वाढतं, वायरलेसची केबिन जरा मोठी करा, अ‍ॅडमिरलसाहेबांना वेगळी जेवणाची खोली, सर्चलाइट दोनऐवजी चार, आणि प्रत्येक जण म्हणतो एवढ्याने काय होतंय. मार्जिन न ठेवलेली बोट ट्रायलच्या दिवशी ठरल्यापेक्षा खोल बसते आणि मग बेल्ट पाण्याखाली, स्पीड कमी, आणि यार्ड नि गिऱ्हाईक यांची पत्रापत्री. कादंबरीत हे नक्की घ्या.

४५० आणि १,००० टनांतला फरकही लक्षात ठेवा. ह्या आकाराची बोट साधारण १२ टनांना एक सेंटिमीटर बसते, म्हणजे बंकर (कोळशाची कोठारं) ठासून भरले की ५५० टनांनी ती ४५ सेंटिमीटर खोल जाणार. रेडरला, म्हणजे शत्रूची व्यापारी जहाजं धरत फिरणाऱ्या बोटीला, बंदरातून निघताना कोळसा ठासूनच भरावा लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यात गाठ पडली तर बोट जड, हळू, बेल्ट निम्मा बुडालेला.

स्पीड २६ नॉट धरलाय पण तो कागदावर. स्कॉटलंडला स्केलमॉर्लीच्या मोजलेल्या मैलावर, तळ नुकताच रंगवलेला, वेल्श कोळसा, यार्डाचे निवडक फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारे), तेव्हा मिळतो. गरम पाण्यात सहा महिने उभी राहिली की तळाला शिंपले-शेवाळ धरतं आणि दोन-एक नॉट सहज जातात. उष्ण देशात जाणाऱ्या जुन्या क्रूझरना त्यासाठी तळाला लाकूड ठोकून वर तांब्याचा पत्रा मारायचे, ब्रिटिशांच्या अपोलो क्लासमध्ये साध्या बोटी ३,४०० टनांच्या आणि पत्र्याच्या ३,६००. दोनशे टन! आपल्याला ते परवडत नाही, त्यापेक्षा तुमच्या देशाला एक ड्राय डॉक द्या. ती नसेल तर बोट मुंबईला न्यावी लागेल, तिथे मेरिवेदर ड्राय डॉक १८९१ पासून आहे, म्हणजे शांततेत ब्रिटिशांची मिनतवारी आणि युद्धात काहीच नाही. जर्मनांच्या क्योनिग्सबर्गचं असंच झालं, सप्टेंबर १९१४ मध्ये झांझिबारला ब्रिटिशांच्या पेगॅससला बुडवलं, पण इंजिन बिघडलं म्हणून रुफिजीच्या खाडीत शिरून बसावं लागलं, बिघडलेले भाग जमिनीवरून दार-ए-सलामच्या वर्कशॉपला ओढत न्यावे लागले, आणि ती बोट पुन्हा समुद्रात आलीच नाही. गंमत म्हणजे पेगॅसस बुडाली तीही बॉयलरचं काम काढून नांगरावर उभी होती म्हणूनच.

इंजिन कोणतं हा प्रश्न १९१२ ला खरंच वादाचा होता. टर्बाइन जोरात फिरलं तर चांगलं आणि पाण्यातला पंखा (प्रोपेलर) हळू फिरला तर चांगला, आणि मधे गिअर नाही, गिअर हलक्या क्रूझरमध्ये पुढे ब्रिटिशांच्या चँपियन नि कॅलिओपीपासून यायला लागले. त्यामुळे थेट जोडलेलं टर्बाइन १२ नॉटला वाफ नुसती खातं. अमेरिकनांनी १९०८ मध्ये तीन सारख्या बोटींत तीन इंजिनं बसवून बघितली, चेस्टरला पार्सन्स टर्बाइन, सेलमला कर्टिस, बर्मिंगहॅमला जुनं पिस्टनचं. टर्बाइनचा फायदा वरच्या स्पीडला. जर्मनांनी पण ड्रेस्डेनला टर्बाइन दिलं आणि तिच्याच बहिणीला, एम्डेनला, पिस्टनचं. तुमच्या रेडरला लांब पल्ला हवा म्हणजे पिस्टन हवं असं वाटेल, पण २५,००० हॉर्सपॉवर पिस्टनवर काढायचे म्हणजे इंजिनरूम एवढी उंच होते की कवचाच्या डेकखाली मावत नाही. मी ब्राउन-कर्टिस टर्बाइन घेईन, दोनच शाफ्ट (पंख्यापर्यंत जाणारे दांडे), ब्रिस्टल आणि यारमथला तसंच होतं, बाकीच्या चार शाफ्टवाल्या बहिणींपेक्षा हळू चालताना जरा बरं.

कवचाला फार वेळ घेत नाही. ४ इंच कशाला? तेव्हाची हलकी क्रूझर समोर आली तर १०.५ सेंटिमीटर नाहीतर सहा इंचीचा गोळा येणार, आणि सहा इंचीपुढे ४ इंच मिळाले तरी बोट वाचेलच असं नाही, त्यापेक्षा लांब पळा. ७५ मीटर लांब, ३ मीटर उंच, ५० मिलिमीटर जाड बेल्ट दोन्ही कडांना दिला की १७७ टन, वर २० मिलिमीटरचं डेक १४१ टन, बाकी कॉनिंग टॉवर (लढाईत कॅप्टन उभा राहायची चिलखती खोली) नि तोफांच्या ढालींना. ब्रिस्टल नि वेमथला बेल्टच नव्हता, नुसतं वाकडं कवचडेक आणि कडेला कोळशाचे बंकर, चॅथमपासून २ इंचांचा निकेल स्टीलचा पट्टा आला. जर्मन जास्त हुशारीने वागले, मागडेबुर्ग क्लासला ६० मिलिमीटरचा बेल्ट दिला तो हलचाच भाग म्हणून, म्हणजे चिलखत नुसतं अंगावर टांगलेलं नाही, लाटेत हल वाकू नये म्हणून तेही भार घेतं. तुमच्या यार्डाला हे १९१२ मध्ये सुचलं असं दाखवलंत तर हलचे ५०-६० टन वाचतील आणि कुणी हरकत घेणार नाही.

तोफा. आठ सहा इंची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एक तोफ, तिचं माउंटिंग आणि दीडशे गोळे मिळून २५ टनांच्या आसपास, पण खरं वजन तेवढंच नाही, खाली कोठार, वर लिफ्ट, प्रत्येक तोफेला नऊ-दहा माणसं, त्यांचे हॅमॉक, त्यांचं पाणी. सहा घ्या. एक पुढे, एक मागे, दोन-दोन कडेला, एका बाजूला चार तोफा आणि एका फैरीत १८० किलो. एम्डेनच्या दहा तोफांपैकी एका बाजूला पाचच चालायच्या आणि गोळा साडेसतरा किलोच्या आसपास, म्हणजे ८७ किलो. तिला बुडवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सिडनी क्रूझरच्या आठातल्या पाच, २२७ किलो. ९ नोव्हेंबर १९१४ ला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपाशी हेच गणित खेळलं गेलं. सुरुवातीला एम्डेनचीच मारगिरी भारी होती, पहिल्या काही फैरींतच सिडनीचा रेंजफाइंडर उडवला, पण सिडनी जास्त वेगाची, तिने अंतर वाढवलं आणि ४५ किलोचे गोळे टाकत राहिली. एम्डेनवर १३० च्या वर माणसं मेली, सिडनीवर चार.

मग आठ का नको म्हणता? कारण हे ४५ किलोचे गोळे यंत्र भरत नाही, माणूस उचलतो. हलत्या डेकवर, पावसात, पंधरा मिनिटं सतत. माणसं थकली की फैरींमधलं अंतर वाढतं आणि कागदावरच्या तोफा कागदावरच राहतात. ह्याच कारणाने जपान्यांनी पुढे सहा इंची सोडून १४ सेंटिमीटर घेतली, ३८ किलोचा गोळा. ग्रीसने कॅमेल लेअर्डकडे दोन क्रूझर मागवल्या होत्या त्यांना साडेपाच इंची तोफा होत्या, ३७ किलोचा गोळा, युद्ध लागल्यावर ब्रिटिशांनी त्या दोन्ही स्वतःकडे घेतल्या आणि त्यातली एक पुढे चेस्टर झाली (वरची अमेरिकनांची चेस्टर वेगळी). तुमच्या देशातली माणसं अंगाने लहानखुरी दाखवली असतील तर साडेपाच इंचीचा विचार कराच.

चेस्टरचं नाव निघालंच आहे तर तोफांच्या ढाली. ३१ मे १९१६, उत्तर समुद्रातल्या जटलंडच्या लढाईत ही बोट नवी कोरी, समोरून चार जर्मन क्रूझर आल्या, १७ गोळे लागले, २९ मेले आणि ४९ जखमी. त्यात कित्येकांचे पाय गेले. कारण ढाल समोरून चांगली जाड पण मागून उघडी आणि खाली डेकपर्यंत पोचतच नव्हती, गोळा डेकवर फुटला की तुकडे फटीतून सरळ नडग्यांवर. सोळा वर्षांचा जॅक कॉर्नवेल ह्याच बोटीवरच्या पुढच्या तोफेपाशी जखमी अवस्थेत उभा राहिला होता. तुमचा डिझायनर १९१२ मध्ये हे ओळखू शकणार नाही, कुणीच ओळखलं नव्हतं, म्हणून ढाली त्या काळच्यासारख्याच चुकीच्या ठेवा, आणि लढाईच्या प्रकरणात जे व्हायचं ते होऊ द्या.

कडेच्या तोफा कुठल्या डेकवर हे पण बघा. ब्रिस्टलच्या मधल्या तोफा इतक्या खाली की समुद्र खवळला की पाण्यात, चॅथममध्ये पुढचं उंच डेक दोन-तृतीयांश लांबीपर्यंत मागे ओढलं तेव्हा बऱ्याच तोफा कोरड्या राहायला लागल्या. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात फिरणाऱ्या बोटीला हे हवंच, नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, पाण्यापासून ७ मीटर उंची मी धरतो. पण उंच डेक म्हणजे उंच तोफा म्हणजे वरचं वजन, आणि इथे रुंदीचं घोडं अडतं. १३.६ मीटर रुंदीला ह्या बोटीची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची तिची ताकद ज्यावर मोजतात तो आकडा, माझ्या हिशोबाने ६५ सेंटिमीटर येते, ठीक आहे. आता कुणीतरी म्हणेल बोट जरा सडपातळ करा, अर्धा नॉट मिळेल, १३ मीटर करू. रुंदीचा घन येतो ना ह्या सूत्रात, त्यामुळे ६० सेंटिमीटर रुंदी गेली की खोली थोडी वाढून जे मिळतं ते धरूनही ६५ चे ३८ होतात. वर डेकवर एक जादा तोफ बसवा, अजून २ सेंटिमीटर गेले. सर्चलाइट, उंच डोलकाठी वायरलेससाठी, छोट्या होड्या... आणि हे सगळं बंकर रिकामे झाले की अजून वाईट, कारण पाण्याच्या रेषेजवळचे वरचे बंकर कवच म्हणून भरलेले ठेवायचे असतात आणि तळातला कोळसा आधी जाळतात, म्हणजे परतीच्या प्रवासात बोट हलकी पण डोकं जड. वळण जोरात घेतलं की जास्तच कलते आणि सरळ यायला वेळ लावते. तुमच्या कॅप्टनला हे पायांनी कळायला हवं.

दारूगोळ्याचं कोठार बॉयलररूमला चिकटवू नका. कॉर्डाइट, म्हणजे तोफांची दारू, उष्णतेने बिघडतं, आणि तुमच्या बेटाजवळ समुद्राचंच पाणी तीस डिग्रीला टेकलेलं. कोठार थंड करायचं यंत्र हवं, त्याला वजन, वाफ आणि एक तापट इंजिनिअर लागतो. कोठारं पुढे आणि मागे, बॉयलर मधे, म्हणून कडेच्या तोफांना गोळे डेकखालच्या बोळातून ढकलत न्यावे लागतात, त्या बोळाला चित्रात जागाच नाही तुमच्या.

माणसं ४०० धरा, त्यातली तिसरा हिस्सा तरी बॉयलर आणि कोळशामागे. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर तेव्हा डेकवर कोकणातले खलाशी असायचे, सारंग आणि टिंडेल ह्या मुकादमांच्या हाताखाली, आणि खाली भट्टीपाशी आगवाले नि कोळसेवाले. तुमच्या देशाने असे अनुभवी लोक पगारावर घेतले हे सहज पटेल, आणि डेकवरचे नि भट्टीचे यांच्यातली तेढ पण आयती मिळेल.

शेवटी धुराडी. दोन नाही चालणार. २५,००० हॉर्सपॉवरला कोळशाचे दहा-बारा बॉयलर, ते तीन किंवा चार खोल्यांत, आणि प्रत्येक खोलीचा धूर वर यायला वाट हवी, तिरक्या नळ्या काढून दोघांत जमवलंत तर तेवढी जागा मेसडेकमधून, म्हणजे खलाशांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेतून, जाते. ब्रिटिश टाउन क्लासला (ब्रिस्टल, वेमथ, चॅथम त्यातल्याच) चार होती, एम्डेनला तीन. आणि रेडरला तीनच घ्या, कारण २८ ऑक्टोबर १९१४ ला एम्डेनने पेनांगमध्ये शिरताना चौथं खोटं धुराडं उभारलं होतं, लांबून यारमथ वाटावी म्हणून, आणि आत जाऊन रशियाची झेमचुग बुडवली. तुमच्या चित्रातला तो मागे झुकलेला डौल १९१२ च्या कोळशाच्या क्रूझरला फारसा शोभत नाही, थोडासाच कल ठेवा.

अजून एक, चित्रात छोट्या होड्याच नाहीत. ४०० माणसांना कटर, व्हेलर, एक स्टीम पिनेस तरी लागणार, पकडलेल्या जहाजावर माणसं पाठवायची म्हणजे रोज वापरात. ह्या होड्या मधल्या तोफांच्या वळणाच्या आड येता कामा नयेत, आणि समुद्रातच कोळसा घ्यायचा असेल तर डेरिकला (माल उचलायच्या यारीला) आणि पोत्यांच्या ढिगाला पण तिथेच जागा हवी. आधी ही जागा कागदावर आखून बघा, कडेच्या चार तोफा तेवढ्यात बसतात का ते तिथेच कळेल, नाही बसल्या तर दोन काढा आणि त्या ५० टनांचा कोळसा भरा, टनाला चार मैल.